खाडीकाठचा वर्ग

आमच्या गावाला खाडी आहे. तिचे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. हे तुम्हां-आम्हांला लहानपणापासून ठाऊक. पण ते का चढते, हे कोणी विचारीत नाही. सहावी-सातवीच्या मुलांना पुस्तकातला भरती-ओहोटीचा धडा काही केल्या उमजेना. तेव्हा आम्ही त्यांना खाडीवरच नेले.

धक्क्यापाशी एक बांबू रोवला. त्यावर वीत-वीत अंतराने खुणा केल्या. भरतीचे पाणी कुठवर आले, ते मुले रोज वहीत मांडू लागली. महिनाभरात त्यांच्याच ध्यानात आले, की अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास भांग असते. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र व सूर्य एका रेषेत येतात. दोघांची ओढ एक होते, म्हणून पाणी जास्त चढते. अष्टमीला ही ओढ आडवी-उभी होते, म्हणून ते कमी चढते. आपले दर्यावर्दी लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती. हा हिशेब एका कोळ्याच्या पोराने फळ्यावर करून दाखविला. गणितात तो नेहमी मागे असे बरे का!

मग आम्ही तिवराकडे वळलो. तिवराची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात. चिखलात हवा नसते, म्हणून झाड या मुळांवाटे श्वास घेते. पान जिभेला लावा, खारट लागेल. जादा मीठ झाड पानांवाटे बाहेर टाकते. मुलांनी पाने चाटून तोंडे वाकडी केली. तो धडा पुन्हा शिकवावा लागला नाही. ही मुळे गाळ धरून ठेवतात, लाटेचा जोर मोडतात. कोलंबीची व माशांची पिले त्यांच्याच आडोशाला वाढतात.

एक मुलगी घरी जाऊन बापाला म्हणाली, "तिवर तोडू नका." बाप तरातरा शाळेत आला.

"गुरुजी, पोरां शाळंत धाडली ती आम्हाला शिकवायला काय? चूल कशावर पेटवू?"

त्याचे चुकले नव्हते. आम्ही वाद घातला नाही. त्याला खारबांधावर नेले. तिवर तोडला होता तिथे बांध ढासळला होता. आतल्या दोन खाचरांत खारे पाणी शिरून भात गेले होते. तिवर उभा होता तिथे बांध शाबूत. गेलेले एक खाचर त्याच्याच भावाचे. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हे आधी कोन बोललं नाय."

२००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने अशी झाडे तोडण्यास बंदी घातली. पण नुसत्या बंदीने चूल पेटत नाही. त्या गृहस्थाने शेताच्या मेरेवर गिरिपुष्प लावले. ते लवकर वाढते. त्याच्या फांद्यांवर आता त्याची चूल चालते. मुलांनी पावसाळ्यात गळलेले तिवराचे बी वेचून बांधाबाहेर लावले. निम्मे भरतीने नेले, काही शेळ्यांनी खाल्ले. राहिलेली झाडे कमरेइतकी झाली आहेत. बांबू मात्र दोनदा बदलावा लागला.