घरोघर गेल्यावर सापडलेले ३३ जण

किलिमांजारोच्या पायथ्याशी टांझानियाचा हाई जिल्हा आहे. तिथल्या १,६१,०७१ लोकवस्तीत घरोघर जाऊन पार्किन्सन्सचे रुग्ण शोधले गेले. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सापडलेले रुग्ण ३३. आकडा पाहून आजार तिथे विरळा आहे असं वाटेल. पण त्यातल्या ७८ टक्के लोकांना आपल्याला काय झालंय हे तोवर कोणीच सांगितलं नव्हतं. हात थरथरतो, पाऊल उचलत नाही, घास तोंडापर्यंत जात नाही. घरच्यांनी वय झालं म्हणावं, कोणी करणी केली म्हणावं.

घरच्यांना दोष तरी कसा द्यायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या पाहणीत श्रीमंत देशांत लाख लोकांमागे मेंदू आणि मज्जासंस्थेचे ७.१ तज्ज्ञ आढळले, सर्वांत गरीब देशांत ०.१. म्हणजे दहा लाखांना एक. हाच हिशेब हाईतल्या त्या लोकवस्तीला लावला, तर तिच्या वाट्याला एका डॉक्टरचा सहावा हिस्सा येतो.

त्या ३३ जणांत पुरुष २३ आणि बायका १०. जगभर पुरुषांत हा आजार साधारण दीडपट आढळतो, इथे दुपटीहून जास्त. एवढ्या लहान आकड्यावरून ठाम बोलता येणार नाही, तरी मला राहून राहून वाटतं, दाराशी आलेल्या माणसाला आपल्या आजीचं दुखणं सांगायचं कितींना सुचलं असेल?

आजार मुळात दिसतोही उशिरा. मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी. त्यांपैकी खोलवरच्या काळपट भागात, हालचालींना लागणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी काही लाखच, लाखात एकसुद्धा नाही. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास मेल्यावर मग कुठे बोट थरथरायला लागतं.

२०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून जास्त रुग्ण असल्याचा अंदाज होता. त्या वर्षी ३,२९,००० मृत्यू, २००० सालच्या दुपटीहून अधिक. २०५० पर्यंत रुग्ण २ कोटी ५२ लाखांवर जातील, असं एक भाकीत २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. यांतले गरीब मुलखांतले आकडे तर बरेचसे अंदाजाचेच, कारण हाईसारखं दारोदार फिरलंय कोण?

औषध नाही असंही नाही. लेव्होडोपा १९६० च्या दशकापासून या आजारावर दिलं जातं, अत्यावश्यक औषधांच्या जागतिक यादीतही आहे. आपल्याकडे रानात, कुंपणावर वाढणाऱ्या खाजकुहिलीच्या बियांतून ते दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच वेगळं काढलं होतं. गोळी परवडत नसेल तर बियांची पूड चालेल का, हे बोलिव्हियात तपासलं गेलं. एकेका मात्रेचा परिणाम गोळीच्या तोडीचा निघाला. मात्र पुढे १४ रुग्णांना ती काही आठवडे रोज दिली, तेव्हा पोटाच्या त्रासाने किंवा हालचाल बिघडल्याने ७ जणांनी ती सोडली. तेव्हा बियांच्या भरवशावर गरिबांना सोडून चालणार नाही.

माणशी दिवसाला तीनच गोळ्या धरल्या, तरी ८५ लाख रुग्णांना रोज अडीच कोटींहून अधिक लागतात, आणि त्याही वर्षानुवर्षं, खंड न पडता. त्या हाईसारख्या इतर मुलखांतल्या दवाखान्यांपर्यंत पोचवायच्या, तर आधी तिथे किती रुग्ण आहेत हे कोणीतरी मोजायला हवं.