औद्योगिक वारशाचे जतन : ठाणे-कल्याण परिसरातील गरज

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोहोचली आणि १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. खाडी, बंदर व मिठागरे यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या परिसराचे रूप त्यानंतर पालटू लागले. १९२५ मध्ये ठाण्यात लोकरीच्या कापडाची गिरणी निघाली. पुढे रेमंड या नावाने ती देशभर परिचित झाली. रेल्वेच्या विद्युतीकरणासाठी ठाकुर्लीजवळ चोळा येथे वीजगृह उभारले गेले. कल्याणनजीक मोहने येथे नॅशनल रेयॉनचा कारखाना आला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने आपले पहिले औद्योगिक क्षेत्र ठाण्यातील वागळे इस्टेट येथे विकसित केले. त्यानंतर डोंबिवलीतही कारखानदारी वाढली.

या साखळीतील अनेक दुवे आता निखळले आहेत. चोळ्याचे वीजगृह केव्हाच थंडावले. मोहन्याचा कारखाना २००९ मध्ये बंद झाला. रेमंडच्या गिरणीच्या आवारात आज निवासी इमारती उभ्या आहेत. वाढत्या लोकवस्तीस घरे हवीत, हे निर्विवाद. परंतु ज्या श्रमांवर ही शहरे वाढली, त्यांची एकही खूण उरू नये काय, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

अन्यत्र या प्रश्नाचे उत्तर औद्योगिक वारसा उद्यानाच्या रूपाने शोधण्यात आले आहे. जर्मनीतील ड्यूसबर्ग येथे १९८५ मध्ये बंद पडलेला लोखंडाचा कारखाना जमीनदोस्त न करता त्याच्या भोवती सार्वजनिक उद्यान विकसित करण्यात आले. तेथील झोतभट्टीवर आता नागरिक चढून जातात. मुंबईत काळाचौकी येथील इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालयाचा प्रकल्प महानगरपालिकेने हाती घेतला. अशा उद्यानात यंत्र त्याच्या मूळ जागी राहते. त्यामुळे काम कसे चालत असे, हे पाहणाऱ्यास सहज उमगते.

किल्ले व लेणी यांना जे संरक्षण लाभते, ते कारखान्यांस सहसा लाभत नाही. १९५८ च्या केंद्रीय स्मारक अधिनियमानुसार वास्तू किमान १०० वर्षांची असावी लागते आणि बहुतेक कारखाने त्याआधीच पाडले जातात. तथापि, १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमान्वये ऐतिहासिक व शैक्षणिक मूल्य असलेल्या वास्तूंच्या जतनाची तरतूद विकास आराखड्यात करता येते. मात्र त्यासाठी अशा वास्तूंची नोंद वेळीच व्हावयास हवी.

येथे स्थानिक संस्थांचे साहाय्य मोलाचे ठरेल. बंद कारखान्याची चिमणी, भोंगा, हजेरीपत्रके व छायाचित्रे यांची सूची करणे ग्रामपंचायतींस व नगरपालिकांस अवघड नाही. निवृत्त कामगारांच्या आठवणी शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी लिहून घ्याव्यात. इमारत पाडण्यापूर्वी एखादी शेड अथवा एखादे यंत्र राखून ठेवण्याची अट घालता येईल काय, याचा विचार नियोजन अधिकाऱ्यांनी करावा. उद्यान पुढे केव्हाही उभारता येईल. परंतु भंगारात गेलेले यंत्र आणि काळाआड गेलेला कामगार पुन्हा मिळणार नाहीत.