रिकाम्या खणात काय असते?

जूनमध्ये शाळा सुरू झाली की वर्गशिक्षकांचे पहिले काम हजेरीपट आखण्याचे. वर्गात मुले त्रेपन्न असली तरी अनुभवी शिक्षक त्रेपन्नाव्या ओळीखाली रेघ मारत नाहीत. कोणाच्या वडिलांची बदली होऊन, कोणी गाव सोडून आल्यामुळे जुलैपर्यंत दोन-चार मुलांची भर पडणार हे त्यांना ठाऊक असते. म्हणून खाली सात-आठ ओळी मोकळ्या राहतात. नवखा शिक्षक मात्र रेघ मारून मोकळा होतो आणि चौपन्नावा मुलगा दारात उभा राहिला की नवे पान घेऊन अख्खी यादी पुन्हा उतरवत बसतो. संगणकावर प्रोग्राम लिहिणारे बरेच जण (काही वर्षे मीही त्यांतलाच) या नवख्या शिक्षकासारखे वागतात. फरक एवढाच, की यादी उतरवण्याचे श्रम संगणक करतो, त्यामुळे ते आपल्याला दिसत नाहीत.

हे श्रम का पडतात, ते आधी पाहू. संगणकाच्या स्मृतीची कल्पना एका लांबलचक चाळीसारखी करा. प्रत्येक खोलीला क्रमांक आहे. आपण शंभर संख्यांची ओळ, म्हणजे ज्याला ॲरे म्हणतात ती, साठवतो तेव्हा त्या शंभर संख्यांना लगतच्या खोल्या लागतात. त्या लगत असल्या तरच संगणकाला सत्तरावी संख्या शोधावी लागत नाही. एका संख्येला साधारणपणे ८ बाइट लागतात; म्हणून पहिल्या संख्येच्या पत्त्यात ६९ गुणिले ८ मिळवले की सत्तराव्या संख्येचा पत्ता मिळाला. एक गुणाकार आणि एक बेरीज, बस्स. ॲरेचा सगळा वेग या लगतपणात आहे.

आता एकशे एकावी संख्या आली. शेजारची खोली दुसऱ्या कोणाला दिलेली असेल, तर शंभरच्या शंभर संख्यांना बिऱ्हाड हलवावे लागते. दुसरीकडे एकशे एक लगतच्या खोल्या शोधायच्या, शंभर संख्या तिथे उतरवायच्या, नवी ठेवायची आणि जुन्या खोल्या सोडायच्या. एकशे दुसरी आली की पुन्हा तेच.

वर्गात हे कागदाच्या चिठ्ठ्यांवर करून पाहता येते. दोन गट करा आणि एकेक करून वीस आकडे सांगा. पहिल्या गटाने प्रत्येक नवा आकडा आला की कोरी चिठ्ठी घ्यायची, आधीचे सगळे आकडे तिच्यावर उतरवायचे आणि मग नवा लिहायचा. दुसऱ्या गटाला सुरुवातीलाच वीस चौकोनांची पट्टी द्या. दुसरा गट वीस वेळा लिहितो. पहिल्या गटाचे लेखन १ + २ + ३ + … + २० एवढे होते, म्हणजे २१०. दहावीच्या मुलांना ही अंकगणिती श्रेढी ओळखीची आहे: n पदांची बेरीज n(n+1)/2. संख्या हजार असतील तर लेखन ५,००,५०० वेळा. एक लाख असतील तर ५०० कोटी ५० हजार वेळा. माहिती दुप्पट झाली की काम जवळपास चौपट होते, आणि खरी मेख इथेच आहे. पन्नास नोंदींवर तपासलेला प्रोग्राम झकास चालतो, आणि तोच प्रोग्राम पन्नास हजार नोंदींवर लावून आपण चहा पिऊन आलो तरी तो चालूच असतो.

किती आकडे येणार हे आधी ठाऊकच नसेल तर? तिसरा गट करा. त्याची पट्टी एका चौकोनाची. ती भरली की दोन चौकोनांची घ्यायची, मग चार, आठ, सोळा, बत्तीस, अशी दर वेळी दुप्पट. वीस आकड्यांसाठी उतरवण्याचे काम १ + २ + ४ + ८ + १६ म्हणजे ३१ वेळा, अधिक वीस नवी लेखने, एकूण ५१. हजार आकड्यांसाठी २,०२३. पाच लाखांपुढे हे काहीच नाही. ही भूमितीय श्रेढी आहे आणि तिची बेरीज शेवटच्या पदाच्या दुपटीहून नेहमी एकाने कमी भरते. शेवटी रिकामे उरलेले चौकोन कापून टाकायचे. अनेक संगणकभाषा आता पडद्यामागे असेच काहीतरी करतात. मॅटलॅब या भाषेच्या २०११ मधल्या आवृत्तीपासून ओळ शेवटाकडे वाढवण्याचे काम बरेच जलद झाले. तुमच्याकडे मॅटलॅब किंवा त्याच धर्तीची, विनामूल्य मिळणारी ऑक्टेव्ह ही भाषा असेल, तर ‘टिक’ आणि ‘टॉक’ या घड्याळ लावण्याच्या आज्ञा वापरून विद्यार्थ्यांना दहा हजार, वीस हजार, चाळीस हजार नोंदींचे वेळ मोजू द्यावेत. वेळ चौपट होतो की दुप्पट, यावरून आत काय चालले असावे याचा तर्क करता येतो. आलेख काढण्याजोगा हा प्रयोग आहे.

मी एम.एस्सी.ला असताना आम्हाला जुने फोरट्रान शिकवले गेले. त्यात ॲरेचा आकार आधी जाहीर केल्याशिवाय पुढे सरकताच येत नसे. तेव्हा ती कटकट वाटायची. क्लीव्ह मोलर यांनी न्यू मेक्सिको विद्यापीठात १९७०च्या दशकाच्या अखेरीस मॅटलॅब लिहिले, ते विद्यार्थ्यांना फोरट्रानच्या जंजाळात न शिरता मॅट्रिक्सची गणिते करता यावीत म्हणूनच. १९८४ मध्ये त्याची कंपनी झाली. आकार आधी सांगण्याची सक्ती गेली, आणि तिच्याबरोबर आकाराचा आधी विचार करण्याची सवयही गेली.

सुरुवातीच्या मॅटलॅबमध्ये फक्त मॅट्रिक्स होत्या. १९९६ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीने ‘स्ट्रक्चर’ आणले. स्ट्रक्चर म्हणजे एक नोंदपत्रक: त्यात नावाचा रकाना, उंचीचा रकाना, पावसाचा रकाना, असे वेगवेगळ्या जातीचे मजकूर एकत्र राहतात. अशा पत्रकांची ओळ म्हणजे स्ट्रक्चरांचा ॲरे. चोवीस पर्जन्यमापन केंद्रे असतील तर चोवीस पत्रके. (पुढच्या आज्ञा वाचायला सोप्या जाव्यात म्हणून मराठीत लिहिल्या आहेत, प्रत्यक्षात नावे रोमन अक्षरांत द्यावी लागतात.) जागा राखण्याची सर्वांत आखूड युक्ती म्हणजे शेवटचे पत्रक आधी मागणे:

नोंदी(२४).पाऊस = [ ]

चोविसाव्याला हात लावला की आधीची तेवीस आपोआप तयार होतात. काही जण भरण्याचे काम चोवीसपासून सुरू करून उलटे एकपर्यंत येतात, त्याचेही कारण हेच.

पण इथे राखले काय गेले? साध्या संख्यांच्या ॲरेत खणातच संख्या असते. मॅटलॅबच्या पत्रकात रकान्यात मजकूर नसतो, मजकूर कुठे ठेवला आहे त्याचा पत्ता असतो. आपण राखले ते पत्त्यांचे खण. मजकूर पुढे येईल तेव्हा स्मृतीत त्याला वेगळी जागा मिळेल. सी भाषेत असे नसते. तिथे पत्रकातले सगळे रकाने खरोखर एकाला एक लागून असतात. म्हणून मॅटलॅबमध्ये पत्रकांची ओळ वाढवताना पत्तेच हलतात, मजकूर जागच्या जागी राहतो, आणि काम अपेक्षेपेक्षा हलके होते. याची दुसरी बाजूही आहे. वेगळ्या ठेवलेल्या प्रत्येक मजकुराबरोबर त्याची जात, आकार वगैरे लिहिलेली एक चिठ्ठी लागते आणि ती शंभर बाइटच्या आसपास असते. ८ बाइटच्या एका संख्येसाठी एवढा संसार! एक लाख तापमाने एक लाख पत्रकांत ठेवली तर ती एका साध्या ॲरेपेक्षा दहापटीहून जास्त जागा खातात. तेव्हा एकाच जातीच्या पुष्कळ संख्या असतील तर एकच पत्रक करावे आणि त्याच्या एका रकान्यात अख्खा ॲरे ठेवावा. केंद्रागणिक मजकूर निराळा असेल, तरच पत्रकांची ओळ.

इथपर्यंत प्रश्न वेळेचा आणि जागेचा होता. माझी फजिती झाली ती तिसऱ्याच गोष्टीत.

कोकण आणि घाटमाथ्यावरच्या चोवीस केंद्रांचा जुलैमधला रोजचा पाऊस मी संगणकात भरत होतो. जागा आधी राखावी हे तोवर शिकलो होतो, म्हणून प्रत्येक केंद्राच्या पत्रकात एकतीस शून्ये घालून ठेवली आणि फायली वाचत गेलो की शून्याच्या जागी खरा आकडा येई. प्रोग्राम वेगाने चालला, तक्ते सुरेख आले. आमच्या प्रयोगशाळेतले साहाय्यक मूळचे त्याच भागातले. त्यांनी तक्त्यावर नजर टाकली आणि म्हणाले, “सर, आमच्याकडे आषाढात दहा दिवस एक थेंब नाही? मग लावणी कशी झाली असेल?” त्या केंद्राच्या वहीची एक बाजू आमच्याकडे आलीच नव्हती. दहा दिवस कोरडे नव्हते, त्यांची नोंद नव्हती. राखून ठेवलेले शून्य तसेच राहिले होते, आणि पावसाच्या बाबतीत शून्य हे अगदी सभ्य उत्तर असल्यामुळे कोणाला संशय आला नाही. त्या केंद्राची सरासरी मात्र खाली गेली होती. पुढे कोणी पाणीसाठ्याचे गणित त्यावर मांडले असते तर?

मी शहाणा झालो आणि शून्याऐवजी रकाने रिकामेच ठेवले. ज्यांची माहिती अपुरी त्या तीन केंद्रांचा ‘एकूण’ हा रकाना कोरा राहिला. मग सर्वांत जास्त पाऊस कुठे झाला ते काढण्यासाठी सगळ्या बेरजा एका ओळीत गोळा केल्या:

बेरजा = [नोंदी.एकूण]

आणि कमाल किमतीचा क्रमांक घेऊन त्या क्रमांकाच्या पत्रकावरचे नाव छापले. नाव आले एका किनाऱ्यावरच्या गावाचे. घाटमाथ्याला मागे टाकून किनारा पहिला, हे कोकणातला शाळकरी मुलगाही मान्य करणार नाही. चूक अशी होती: ओळीत गोळा करताना रिकामे रकाने निमूट गळून जातात. चोवीस पत्रकांतून एकवीसच संख्या आल्या, पहिल्या गाळलेल्या केंद्रानंतरचे सगळे क्रमांक सरकले, आणि एकाचा पाऊस दुसऱ्याच्या नावावर चढला. गैरहजर मुलाचा बाक काढून टाकावा, मागचे सगळे पुढे सरकावेत आणि मग बाकाच्या क्रमांकावरून गुण वाटावेत, तसे झाले.

शून्य खोटे बोलते आणि कोरा रकाना नाहीसा होतो. मग राखलेल्या खणात ठेवायचे काय? यासाठी एक खास किंमत आहे. दशांश संख्या संगणकात कशा लिहायच्या याचे आय-ट्रिपल-ई या संस्थेचे मानक १९८५ मध्ये आले. त्यात ‘ही संख्या नाही’ असे सांगणारी खूण आहे, तिला नॅन म्हणतात. ती खण अडवून बसते, त्यामुळे क्रमांक सरकत नाहीत. तिच्यात काहीही मिळवले तरी उत्तर नॅनच येते, म्हणून एका दिवसाची नोंद नसेल तर महिन्याची बेरीजच ‘मला सांगता येत नाही’ म्हणून उभी राहते. नॅनची नॅनशी तुलना केली तरी उत्तर ‘समान नाही’ असे येते. दोन अज्ञात गोष्टी सारख्याच असतील असे कशावरून? मॅटलॅबमध्ये कमाल शोधणारी आज्ञा मात्र नॅनला ओलांडून पुढे जाते, पण मोजताना त्याचा खण धरते.

तेव्हा आता मी आधी एक नमुना पत्रक करतो आणि त्याच्या चोवीस प्रती काढतो:

नमुना = स्ट्रक्ट('नाव', '', 'उंची', नॅन, 'एकूण', नॅन)
नोंदी = रेपमॅट(नमुना, १, २४)

याचा आणखी एक फायदा आहे. मॅटलॅबमध्ये रकान्याचे नाव लिहिताना हात चुकला, ‘एकूण’च्या जागी ‘एकून’ पडले, तर भाषा तक्रार करत नाही. ‘एकून’ नावाचा नवा रकाना चोवीसही पत्रकांत मुकाट्याने उघडते, आणि खरा ‘एकूण’ तसाच राहतो. शुद्धलेखनाचा आग्रह धरणाऱ्या शिक्षकांना हे उदाहरण आवडेल. म्हणून एकेक रकाना थेट न भरता मी नमुन्याची एक सुटी प्रत भरतो आणि ती अख्खी नोंदी(७) मध्ये ठेवतो. सुट्या प्रतीत जास्तीचा रकाना शिरला असेल तर दोन पत्रके जुळत नाहीत म्हणून संगणक तिथेच थांबतो. चूक झालीच होती, पण ती त्याच क्षणी कळते.

या पद्धतीने तोच जुलै पुन्हा भरला तेव्हा चोवीसांपैकी तीन केंद्रांपुढे नॅन आले. सर्वाधिक पावसाचे ठिकाण घाटमाथ्यावर परतले. वहीची हरवलेली बाजू आणि आणखी एका केंद्राचे पत्रक पुढे शोधाशोध करून मिळाले. तिसऱ्या केंद्राच्या खणात अजून नॅनच आहे.