गाडी विकली, पण नावावरून गेली का?

पूर्वी जुनी गाडी विकायची म्हणजे गल्लीतल्या मेकॅनिकच्या कानावर घालायचे, फार तर रविवारच्या वर्तमानपत्रात तीन ओळींची छोटी जाहिरात द्यायची. गिऱ्हाईक बहुधा ओळखीतून यायचे. हल्ली मोबाइलवर चार फोटो टाकले की तासाभरात फोन खणखणू लागतो. बोलणाऱ्यांत खरे गिऱ्हाईक किती, दलाल किती आणि भामटे किती, हे पहिल्या ‘हॅलो’वरून ओळखता येत नाही. ओएलएक्ससारख्या ठिकाणी दलालापेक्षा बरा भाव मिळतो हे खरे. पण ओळखीपाळखीची जी एक चाळणी आपोआप लागत होती, ती गेली. आता ती घरच्यांनाच धरावी लागते.

बहुतेक कुटुंबे ती फक्त व्यवहाराच्या दिवशी धरतात. पैसे खात्यात आले, किल्ली दिली, की विषय संपला असे मानतात. खरी कटकट मात्र पुष्कळदा वर्षाने दारात येते, कधी दंडाच्या चलनाच्या रूपाने, तर कधी कोर्टाच्या समन्सच्या.

फोनवरचे गिऱ्हाईक

जाहिरातीतच थोडी काळजी घेतली तर निम्मा त्रास वाचतो. फोटोत नंबर प्लेट झाकावी. आरसी, विमा किंवा आधारकार्डाचे फोटो कोणी मागितले म्हणून लगेच पाठवू नयेत. हीच कागदपत्रे दाखवून भामटे तुमची गाडी स्वतःची म्हणून तिसऱ्याला ‘विकतात’ आणि टोकन घेऊन पसार होतात. कागद दाखवायचे ते गिऱ्हाईक समोर बसल्यावर. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवी रेघ मारून ‘फक्त अमुक गाडीच्या विक्रीसाठी’ असे तारखेसह लिहावे. आधारच्या बाबतीत शेवटचे चार आकडे तेवढे दिसतील अशी प्रत सरकारी संकेतस्थळावरून काढता येते, ती पुरते.

गाडी न बघताच सांगितलेला भाव कबूल करणाऱ्यापासून सावध राहावे. हा गृहस्थ बरेचदा आपण लष्करात आहोत, बदली झाली आहे, असे सांगतो. ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. मग टोकनचे पैसे देतो म्हणून एक क्यूआर कोड धाडतो आणि ‘स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील’ असे सांगतो. पिन टाकली की पैसे जमा न होता खात्यातून जातात. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना ही एवढी एक गोष्ट नीट समजावून सांगितली तरी पुष्कळ. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले तर पैसे पुढे सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता असते.

दुसरा डाव अधिक बेमालूम आहे. फोनवरचा माणूस विकणाऱ्याला सांगतो, ‘माझा मेहुणा गाडी बघायला येईल. त्याच्याशी किमतीचे बोलू नका, ते आपल्या दोघांत.’ तिकडे त्याने तुमच्याच फोटोंवर कमी किमतीची जाहिरात दिलेली असते, आणि आलेल्या खऱ्या गिऱ्हाइकाला सांगितलेले असते, ‘गाडी माझ्या नातेवाइकाकडे आहे. बघून घ्या, पैशाचे माझ्याशी बोला.’ दोन भली माणसे समोरासमोर उभी राहून गाडी बघतात, चहा घेतात, आणि पैशाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. गिऱ्हाईक पैसे भामट्याच्या खात्यात भरते आणि किल्ली विकणाऱ्याकडे मागते. मग भांडण या दोघांतच जुंपते. त्यावर उपाय साधा आहे. दारात आलेल्या माणसाला सरळ विचारावे, ‘तुम्ही कोण, पैसे कोण देणार, आणि तुम्हाला किंमत किती सांगितली आहे?’

गाडी बघण्याचा कार्यक्रम

गाडी बघायला येणे हा प्रकार थेट मुलगी बघायला येण्यासारखा असतो. चौघे येतात, एक जण बॉनेट उघडून मान हलवतो, दुसरा दारांवर टिचक्या मारतो, आणि शेवटी ‘घरी विचारून कळवतो’ म्हणून निघून जातात. त्यात वावगे काही नाही. पण दुपारी गृहिणी एकटी असताना असा कार्यक्रम ठेवू नये. सोसायटीच्या फाटकाशी किंवा वर्दळीच्या पेट्रोल पंपावर दिवसाउजेडी बोलवावे. चक्कर मारायला देण्याआधी वाहन परवाना मूळ स्वरूपात बघावा, त्याचा फोटो घ्यावा आणि शेजारच्या सीटवर घरचे कोणी बसावे. जागा बदलताना इंजिन बंद करून किल्ली खिशात घालायला विसरू नये. गाडी पळवली जाते ती बहुधा याच क्षणी.

किमतीबद्दल थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरणारच. दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्यांना काय मिळाले होते ते मनातून काढून टाकावे.

पैसे बँकेतूनच घ्यावेत. दोन लाख वा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारापोटी रोखीने घेण्यास २०१७ पासून आयकर कायद्याने बंदी आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट किंवा एसएमएस म्हणजे पैसे नव्हेत. दोन्ही बनावट करता येतात. स्वतःच्या बँकेच्या खात्यात शिल्लक वाढलेली दिसेपर्यंत किल्ली हातची सोडू नये. शनिवारी संध्याकाळी डिमांड ड्राफ्ट घेऊन ‘आत्ताच गाडी न्यायची आहे’ अशी घाई करणाऱ्याला सोमवारी बोलवावे.

कोऱ्या फॉर्मवरची सही

पैशाचे निभावले, आता नावाचे. वाहन हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३० सर्वांना ऐकून माहीत असतात. दलाल म्हणतो, ‘काका, इथे इथे सह्या करा, बाकीचे मी भरून घेतो.’ नाव, तारीख, पत्ता सगळे कोरे. मग तो गाडी स्वतःच्या नावावर करीत नाही, कारण त्यात खर्च येतो आणि कागदावर मालकांची संख्या एकाने वाढली की भाव पडतो. गाडी तशीच पुढे जाते, कधी दोन-तीन हातांतून, आणि सरकारदरबारी ती चालवत असतात ते सही करणारे काका.

याचा परिणाम कुठवर जातो ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या एका निकालात दिसते. मूळ मालकाने २००७ साली गाडी विकली होती. ती पुढे आणखी हातांतून गेली. २००९ मध्ये तिच्या धडकेत एक मुलगा दगावला. उच्च न्यायालयाने भरपाईचा भार शेवटच्या खरेदीदारावर टाकला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा आरसीवर नाव असलेल्या मूळ मालकावर ठेवला. अपघातग्रस्ताने एका हातातून दुसऱ्या हातात गेलेल्या मालकांचा माग काढत फिरावे, हे कायद्याला अभिप्रेत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. ज्याच्या घरचे माणूस गेले त्याच्या बाजूने पाहिले तर ते रास्तच आहे.

भरपाईपेक्षा गंभीर प्रसंगही येतो. १० नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ ज्या गाडीत स्फोट झाला, ती हरियाणात नोंदलेली होती आणि अनेक हातांतून गेलेली होती. तपास यंत्रणेने सुरुवातीलाच गाठले ते कागदावरच्या मालकाला.

म्हणून सही करण्यापूर्वी दोन्ही फॉर्म पूर्ण भरून घ्यावेत आणि त्यांच्या प्रती ठेवाव्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यांतर्गत विक्रीची खबर चौदा दिवसांत आरटीओला द्यायची असते. गाडी परराज्यात जाणार असेल तर पंचेचाळीस दिवसांत, ना-हरकत प्रमाणपत्रासह. इंदूरच्या मंडळींनी पुण्याच्या नातेवाइकाला गाडी ‘घरच्या घरात’ दिली तरी हे टळत नाही. खबर देणे हे विकणाऱ्याचेच काम आहे. घेणारा करील म्हणून सोडू नये. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचे बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ आधीच मिळवून आरसीवरची बँकेची नोंद काढून घ्यावी.

दलालालाच विकायची असेल तर १ एप्रिल २०२३ पासून एक चांगली सोय झाली आहे. अधिकृत परवाना घेतलेल्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला गाडी सोपवताना फॉर्म २९ सी संकेतस्थळावर भरला की नवे गिऱ्हाईक मिळेपर्यंत तो व्यापारीच मालक मानला जातो. ‘आपल्याकडे अधिकृततेचे प्रमाणपत्र आहे का?’ हा प्रश्न भावाआधी विचारावा. उत्तरादाखल हसणाऱ्यापासून दूर राहावे.

वडिलांच्या नावाची गाडी त्यांच्या पश्चात विकायची असेल तर आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते. दिवंगताची जुनी सही दाखवून काम करून देणारे एजंट भेटतात. ती सरळ सरळ बनवाबनवी असून निस्तरावी लागते ती घरच्यांना.

किल्ली देताना

सोपवल्याची पावती दोन प्रतींत करावी. तीत तारीखच नव्हे तर वेळही लिहावी, शिवाय किलोमीटरचा आकडा, चेसिस नंबर, घेणाऱ्याचा पत्ता आणि सही. त्याच संध्याकाळी गाडीने काही आगळीक केली तर तेव्हा चाकावर कोण होते, हे पोलिसांना सांगायला ही पावतीच कामी येते.

विमा कंपनीला लेखी कळवावे. नो क्लेम बोनस हा गाडीचा नसून मालकाचा असतो. तो ५० टक्क्यांपर्यंत साठलेला असू शकतो आणि प्रमाणपत्र घेतले तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीसाठी वापरता येतो. कित्येक जण तो जुन्या गाडीबरोबर फुकट देऊन टाकतात.

फास्टॅग तसाच राहिला तर नव्या मालकाच्या सहलीचा टोल तुमच्या खात्यातून जातो. तो देणाऱ्या बँकेला सांगून बंद करावा आणि काचेवरून खरवडून काढावा. सोसायटीचे पार्किंगचे स्टिकर, डॅशकॅमचे कार्ड, गाडीच्या पडद्यात साठलेले फोन नंबर आणि ‘घर’ म्हणून नोंदलेला पत्ता, हेही पुसावे. कप्प्यात मुलांच्या शाळेचे ओळखपत्र किंवा औषधाची चिठ्ठी राहिलेली असते, तेही एकदा बघावे.

महिनाभराने परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकावा. मालकाच्या नावातली काही अक्षरे झाकलेली असतात, तरी नाव बदलले की नाही ते समजते. जुनेच दिसले तर घेणाऱ्याला फोन करून वाट बघत बसू नये. पावती आणि फॉर्मच्या प्रती घेऊन आरटीओत लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. नवे दिसले तर त्या पानाचा फोटो पावतीसोबत फाइलमध्ये लावून ठेवावा.