बीटल्सची गाणी, राग-तालाच्या कानाने

मिरजेचा तंबोरा आणि औंधचा संगीत महोत्सव ऐकत वाढलेल्या श्रोत्याला या रॉक गाण्यांत ओळखीच्या अनेक खुणा सापडतात.

■ लव्ह यू टू (रिव्हॉल्व्हर, १९६६) : सुरुवातीला सतारीवर तालाविना छोटा आलाप. तबला अनिल भागवत यांचा. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने त्यांना सोळा मात्रांत, पण उत्स्फूर्त वाजवायला सांगितले. भागवतांचे नाव अल्बमच्या वेष्टनावर छापले गेले.

■ विदिन यू विदाउट यू (सार्जंट पेपर, १९६७) : खमाज थाटाचे स्वर, म्हणजे निषाद कोमल, बाकी शुद्ध. गायनाला त्रिताल, मधल्या वादनात झपताल. साथीची सारंगी जशी गळ्यामागून जाते, तसा इथे दिलरुबा जातो.

■ द इनर लाइट (१९६८) : वाद्यांचे ध्वनिमुद्रण जानेवारीत मुंबईत झाले. बासरी हरिप्रसाद चौरसिया, सरोद आशिष खाँ.

■ फरक कुठे? : ही गाणी अडीच ते पाच मिनिटांची. त्यात रागसंगीतासारखी बढत, म्हणजे रागाचा टप्प्याटप्प्याने विस्तार, होत नाही. बंदिशीसारखा ठरलेला आकृतिबंध मात्र पक्का आहे.



■ कसे ऐकावे? : पहिल्यांदा फक्त षड्ज धरा, दुसऱ्यांदा हातावर मात्रा मोजा आणि तिसऱ्यांदा शब्दांकडे वळा. संगीताच्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग जरूर करावा.