थंडीतली धाव आणि बुटांचा खर्च



गाळप हंगाम ऐन भरात आहे. या पानावर आपण खोडव्याची मशागत, पाचटाचे आच्छादन, सुरू लागणीचे बेणे अशा विषयांची अपेक्षा करीत असाल. ते पुढील अंकी घेऊच. परंतु सध्या गटांतून फिरताना, विशेषतः रहाटणी, काळेवाडी, वाकड बाजूच्या सभासदांच्या घरी, उसाच्या नोंदीआधी दुसराच प्रश्न पुढे येतो. "साहेब, पोरगं भरतीसाठी पहाटे पळायला जातंय. बूट म्हणतंय सहा हजाराचे. घ्यावेत का?" शेतकी खात्याला बुटांतले काय कळते, असे कोणी म्हणेल. पण बेणे, खत, औषध यांच्या खरेदीत कुठे पैसा घालावा आणि कुठे घालू नये, हे सांगण्यातच आमची नोकरी गेली. हाही प्रश्न त्याच जातीचा आहे. जाणकारांकडून माहिती घेऊन ती येथे देत आहोत.

रहाटणीचे शिवार आता बहुतेक इमारतींखाली गेले आहे. सभासदाचा भाग कारखान्यात, घर रहाटणीत आणि ऊस दुसऱ्याच गावी, अशी पुष्कळांची स्थिती आहे. कोकणे चौकाच्या आसपास पहाटे दोन प्रकारची मंडळी पळताना दिसतात. एक, संगणक कंपन्यांतले नोकरदार. हातात घड्याळ, अंगात झुळझुळीत जाकीट, पायात दहा हजारांचे बूट. दुसरी, आपली भरतीची पोरं. पहिल्याकडे पाहून दुसऱ्याने बाजारात जायचे, तिथेच हिशेब चुकतो.

आधी काम काय आहे ते पाहू. राज्यातील पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धाव, तिला 20 गुण. उरलेले 30 गुण 100 मीटर धाव आणि गोळाफेक यांना. राज्य राखीव दलाला 5 किलोमीटर. म्हणजे दोन-चार गुणांवर नोकरी येते किंवा जाते, आणि तयारीचे खरे महिने थंडीचे. या महिन्यांत नडगी किंवा गुडघा धरला की पंधरा दिवस, महिना घरी बसावे लागते. अशा उमेदवाराचे वर्ष जाते, आणि वयाची अट काही थांबत नाही. म्हणून खर्चाचा पहिला रुपया पायात घालावा, अंगात नंतर.

"आम्ही अनवाणी पळलो, आम्हाला काय झालं?" असे वडीलधारी मंडळी म्हणतात. खरे आहे, पण आपण पळलो ते बांधावर, पायवाटेवर, नांगरटीत. माती पायाखाली दबते. डांबर आणि काँक्रीट दबत नाही. प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो आणि रस्ता तो सोसत नसल्यामुळे नडगीच्या हाडाला आणि गुडघ्याला सोसावा लागतो. बुटाच्या तळव्यातील फोम हा भार थोडाफार वाटून घेतो. माणमधील मोही गावच्या ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर या खेळाकडे वळले आणि 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले. दोघेही कोरडवाहू मुलखातले. अशा ठिकाणी भारी बुटांचे दुकान नसते, हेही ध्यानात घ्यावे.

तर बूट कसे घ्यावेत? नाव पाहून नव्हे, पाय घालून. पाय दिवसभरात थोडा सुजतो, म्हणून खरेदीला संध्याकाळी जावे आणि पळताना घालायचे तेच मोजे घालून जावे. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहिली पाहिजे. पळताना पाय पुढे सरकतो. जागा नसेल तर नखे काळी पडतात. टाच मात्र आत हलता कामा नये. दोन पाय सारखे नसतात, म्हणून दोन्ही बूट घालून दुकानातच दहा-वीस पावले पळून पाहावे. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्यावा. बूट दोन्ही हातांनी वाकवून पाहावा: बोटांच्या मुळाशी वाकतो तो बरा, मधोमध दुमडतो तो टाकाऊ. टाचेमागची बाजू चिमटीत दाबल्यावर बसत असेल तर तोही नको.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. खोक्यावर किमतीच्या बाजूला निर्मितीचा महिना व वर्ष छापलेले असते. फोम आणि चिकटवण पडून राहिले तरी जुने होते. तीन-चार वर्षे गोदामात पडलेला माल "निम्म्या किमतीत" म्हणून पुढे येतो आणि दोन महिन्यांत तळ सुटतो. जुने बेणे स्वस्त मिळाले म्हणून आपण लावतो का? गेल्या वर्षीचे, बंद झालेल्या रंगाचे बूट मात्र खुशाल घ्यावेत. रंगाने वेग वाढत नाही.

काळेवाडीवरून पवना ओलांडली की पिंपरी कॅम्पचा बाजार. तिथे कपडे स्वस्त आणि चांगले मिळतात, घासाघीसही होते. परंतु तिथे काय किंवा अन्यत्र काय, मोठ्या परदेशी कंपनीचे चिन्ह लावलेले "फर्स्ट कॉपी" बूट घेऊ नयेत. वरून हुबेहूब, आत साधे रबर. त्याच पैशात स्पार्क्स, कॅम्पस, निव्हिया अशा देशी कंपन्यांचे, पळण्यासाठी म्हणून बनविलेले बूट मिळतात. मोठ्या क्रीडा दुकानांत नवशिक्यांसाठी वेगळी स्वस्त श्रेणी असते, तीही पाहावी. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंतच्या बुटांवर आणि कपड्यांवर वस्तू व सेवा कर 5 टक्के आहे, त्यावर गेले की 18. तेव्हा "थोडेच जास्त आहेत" म्हणून 2700 चे बूट घेताना हा फरकही मोजावा. नवशिक्याला त्या मर्यादेपलीकडे जाण्याचे कारण आम्हाला तरी दिसत नाही.

हे बूट फक्त पळायला. शेतात, गोठ्यात, कॉलेजात तेच घातले तर त्यांचे आयुष्य तिथेच संपते. साधारण 500 ते 800 किलोमीटरपर्यंत फोम काम देतो. रोज पाच किलोमीटर धरले तर चार-पाच महिने. वहीत आकडा लिहीत जावा. भरतीच्या दिवशी नवा जोड घालू नये, किमान तीन आठवडे अंगवळणी पडलेला असावा. काट्यांचे बूट पहिल्या वर्षी नकोतच.

आता थंडीचे कपडे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास येतो, कधी खाली. यासाठी काश्मिरी थाट लागत नाही. पळताना अंग स्वतःच तापते. घराबाहेर पडताना किंचित हुडहुडी भरली तर कपडे बरोबर आहेत असे समजावे. उंबऱ्यातच उबदार वाटले तर दहाव्या मिनिटाला घामाच्या धारा लागतील. आणि थंडीत खरा शत्रू घामच आहे.

इथे कापडाचा गुण समजून घ्यावा. सामान्य हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या साडेआठ टक्के ओल धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणजे कापूस आपल्या भारी काळ्या रानासारखा: पाणी पितो आणि सोडत नाही. पॉलिस्टर मुरमाड माळासारखे: आले ते निघून गेले. घामाने चिंब झालेला सुती बनियन पळणे थांबल्यावर गार पडतो, अंगाची ऊब ओढून घेतो आणि पोरगं घरी येऊन शिंकत बसतं. म्हणून अंगाला लागणारा थर पातळ पॉलिस्टरचा, पूर्ण बाह्यांचा. त्यावर फार तर एक पातळ वाराबंद जाकीट, पुढे चेन असलेले, म्हणजे तापले की उघडता येते. खाली साधी ट्रॅक पँट. डोक्याला कानटोपी, हाताला जुने मोजे चालतात; हातमोज्यांवर पैसे घालू नयेत. पायातले मोजे मात्र सुती नकोत, ओले मोजे फोड आणतात. लोकरीचा गुण वेगळा, ओली झाली तरी ती ऊब देते. धनगरांनी पिढ्यान्‌पिढ्या पावसात घोंगडी काही उगीच पांघरली नाही. पण घोंगडी घेऊन पळता येत नाही! घरचा विणलेला स्वेटर पळून झाल्यावर, ओला सदरा बदलून घालावा. त्याची खरी जागा ती.

वजन उतरवायला काही मुले रेनकोट किंवा प्लॅस्टिकचा सूट घालून पळतात. उतरते ते पाणी, चरबी नव्हे. तांब्याभर पाणी प्याले की वजन परत येते. शिवाय अंगातली उष्णता कोंडून भोवळ येते. हे घरच्यांनी सरळ बंद करावे.

मुलींच्या बाबतीत स्पष्ट लिहितो. पळताना घालायची घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा ही चैनीची वस्तू नाही, बुटाइतकीच आवश्यक आहे. संकोचापोटी मुली मागत नाहीत आणि वडिलांना सुचत नाही. आईने किंवा थोरल्या बहिणीने बरोबर जाऊन दोन घ्याव्यात, हाच आमचा आग्रह.

सर्वांत स्वस्त वस्तू शेवटी घेतली, पण ती विसरू नये. या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पोरं पळतात साडेपाचला, आणि त्याच वेळी आपलीच उसाची वाहने रस्त्यावर असतात. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, बाजूला हात-दीड हात बाहेर आलेली मोळी, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याने दिपलेला चालक. काळ्या जाकिटातला मुलगा त्याला दिसतच नाही. दुकानातले काळे-निळे जाकीट कितीही झोकदार दिसो, पांढरे, पिवळे किंवा केशरी घ्यावे. पाठीवर, दंडावर आणि घोट्याजवळ रेडियमची पट्टी शिवून घ्यावी. हलणाऱ्या घोट्यावरची पट्टी लांबून लवकर लक्षात येते. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरची वाहने दिसतील असे पळावे, कानात गाणी नकोत, आणि उसाची गाडी आली की थांबून साइडपट्टीच्या खाली उतरावे. आपल्या वाहनमालक सभासदांनीही ट्रॉलीमागचा रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला नाही ना, हे रोज भरतीआधी फडक्याने पुसून पाहावे.

हिशेब असा. बूट दीड हजारांच्या आसपास, पॉलिस्टरचे दोन सदरे मिळून पाचशे, मोज्यांचे तीन जोड दोनशे, पट्टी आणि किरकोळ शंभर. ट्रॅक पँट, कानटोपी, स्वेटर घरात असतातच. जाकीट लागलेच तर चारशे-पाचशे. मुलींच्या बाबतीत वरील दोन नगांचे पाच-सहाशे अधिक धरावेत. 2025-26 च्या हंगामाला केंद्राने 10.25 टक्के उताऱ्यावर टनाला 3550 रुपये रास्त व किफायतशीर दर ठरविला आहे. तोडणी-वाहतूक वजा जाऊन एका टनाचे जे हाती पडते, साधारण तेवढ्यात एका उमेदवाराची थंडी निघावी. सहा हजारांच्या बुटांचा हट्ट असेल तर त्याला सांगावे, आधी हे बूट झिजवून दाखव.

धुण्याविषयी दोन शब्द. पॉलिस्टरचा सदरा रोज साध्या पाण्यात खळबळून सावलीत टाकावा, तासा-दोन तासांत वाळतो. बूट मशीनमध्ये किंवा उन्हात पत्र्यावर ठेवू नयेत, चिकटवण सुटते. ब्रशने पुसून आत वर्तमानपत्राचे बोळे घालावेत आणि रात्रीतून एकदा बदलावेत.