इंटिरिअर डिझायनर नेमताय? कोटेशन ओळ न् ओळ वाचा

जुन्या फ्लॅटचं काम काढण्याआधी एक गोष्ट माहीत असू द्या. १९७२च्या कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय कुणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकत नाही. इंटिरिअर डिझायनरला तसं बंधन नाही. म्हणून नुसत्या फोटोंवर जाऊ नका. त्यांनी केलेलं, दोन-तीन वर्षं वापरात असलेलं घर प्रत्यक्ष बघा.

खरी मेख कोटेशनमध्ये असते. ‘किचनचं फर्निचर, एकूण इतके’ असं मोघम काही स्वीकारू नका. प्लाय कोणता? आयएस ३०३ या भारतीय मानकाचा एमआर (ओलावा सहन करणारा) प्लाय बेडरूमच्या कपाटाला चालतो, सिंकखाली मात्र आयएस ७१०चा मरीन प्लायच हवा. दर चौरस फुटावर असेल तर मोजमाप फक्त दर्शनी भागाचं की आतल्या कप्प्यांसकट, हे लिहून घ्या. बिल इथेच फुगतं! जीएसटी धरलाय का, तेही विचारा.

भिंत पाडायचीय? आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला आणि सोसायटीची परवानगी. मायवान पद्धतीच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून बांधलेल्या) इमारतींत बहुतेक भिंती काँक्रीटच्या, भार पेलणाऱ्या असतात. त्यांना हात लावायचा नाही.

पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्या. शेवटचा हप्ता ड्रॉवर, नळ, प्लगपॉइंट सगळं स्वतः तपासल्यावरच.